पेठहून न्यूयॉर्क किती दूर?

मुंबई आणि दिल्ली या दोन विमानतळांना जोडणारी पृथ्वीच्या पाठीवरची सर्वांत जवळची रेषा ओढली, तर ती नाशिक जिल्ह्यातल्या पेठ गावाच्या पश्चिमेला पंधराएक किलोमीटरवरून, महाराष्ट्र-गुजरात सीमेलगतच्या डोंगरांवरून जाते. या रेषेची लांबी सुमारे १,१४० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेगाने उडणाऱ्या जेट विमानाला ती कापायला दीड तासही लागू नये. वेळापत्रकात मात्र या प्रवासासाठी सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. हा पाऊण तासाचा फरक कुठून येतो, हे पाहायला लागले की दोन विमानतळांमधले ‘अंतर’ आणि तिथे पोहोचायला लागणारा ‘वेळ’ या दोन गोष्टी एकमेकींना किती सैल बांधलेल्या आहेत ते लक्षात येते. अंतर काढणे सोपे असते. वेळ सांगणे कठीण जाते, आणि विमानतळ जितके दूर तितका तो अधिक बेभरवशाचा होतो.

अंतराचे गणित अक्षांश-रेखांशांपासून सुरू होते. पेठकरांना सर्वांत जवळचा विमानतळ ओझरचा. तो साधारण २०.१२ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.९१ अंश पूर्व रेखांशावर आहे. दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ २८.५७ अंश उत्तर आणि ७७.१० अंश पूर्व या ठिकाणी. अक्षांशांतला फरक ८.४५ अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर, म्हणजे दिल्ली ओझरच्या ९३८ किलोमीटर उत्तरेला आहे. रेखांशांतला फरक ३.१९ अंशांचा. पण रेखांशाचा अंश सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाकडे जाताना आकसत शून्यावर येतो. ओझर आणि दिल्ली यांच्या मधोमध तो सुमारे १०१ किलोमीटर भरतो, म्हणून दिल्ली ३२२ किलोमीटर पूर्वेलाही आहे. आता काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या. शाळेतल्या पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढला की उत्तर येते ९९० किलोमीटर. कागद, पेन्सिल आणि वर्गमूळ एवढ्यावर मिळालेले हे उत्तर संगणकाच्या उत्तरापासून चार-दोन किलोमीटरच्या आतच असते.

समुद्रावरच्या आणि आकाशातल्या मार्गदर्शनाचे एककही याच अंशातून आले आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. जगभरचे वैमानिक आजही अंतर सागरी मैलांत आणि वेग नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत मोजतात. किलोमीटर फक्त प्रवाशांसमोरच्या पडद्यावर दिसतात.

पायथागोरसची ही युक्ती हजार-दीड हजार किलोमीटरपर्यंत चालते. त्यापुढे पृथ्वीचा गोलपणा आडवा येतो. मुंबई आणि न्यूयॉर्क ही जोडी त्यासाठी चांगली. मराठी घरांतली मुले, नातवंडे ज्या टोकाला मोठ्या संख्येने गेली, ते न्यूयॉर्क-न्यू जर्सीचे टोक. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तानच्या वाळवंटावरून, दक्षिण इजिप्त, अल्जीरिया, मोरोक्को ओलांडून अटलांटिक समुद्रात शिरते. होकायंत्रावर एकच दिशा धरून, पश्चिमेच्या किंचित उत्तरेला रोख ठेवून गेल्यास विमान खरोखरच याच वाटेने जाईल. मर्केटरने १५६९ मध्ये तयार केलेल्या नकाशाचा उपयोगच तो होता: एका दिशेची वाट सरळ रेघ म्हणून दाखवणे. ही वाट सुमारे १४,२०० किलोमीटरची भरते.

त्याच दोन ठिकाणांमध्ये शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की तो अगदी भलत्याच बाजूला सरकतो. मुंबईहून निघून तो वायव्येपेक्षाही उत्तरेकडे अधिक झुकतो. बलुचिस्तान, अफगाणिस्तानचा पश्चिम भाग, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा कोपरा, रशियातल्या सारातोवचा परिसर, सेंट पीटर्सबर्गच्या जवळून फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, कॅनडातले लॅब्राडोर आणि मग न्यूयॉर्क, अशी त्याची वाट. वाटेत तो जवळजवळ ६५ अंश उत्तरेपर्यंत, आर्क्टिक वृत्ताच्या दीड-दोन अंश अलीकडे जातो. लांबी सुमारे १२,५०० किलोमीटर. म्हणजे नकाशावर वाकडी दिसणारी ही वाट सरळ दिसणाऱ्या वाटेपेक्षा सतराशे किलोमीटरने, विमानाच्या हिशेबाने जवळजवळ दोन तासांनी आखूड आहे. गोलाच्या केंद्रातून जाणाऱ्या पातळीने गोलाचा पृष्ठभाग कापला की जे वर्तुळ मिळते त्याला बृहत्‌वृत्त म्हणतात. गोलावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट अशा वर्तुळाचा तुकडा असते. अमेरिकेला निघालेल्या प्रवाशाला खिडकीतून बर्फाळ प्रदेश दिसतो तो यामुळे. वैमानिक वाट वाकडी करून तिथे गेलेला नसतो.

हे अंतर काढताना पृथ्वी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येचा नेमका गोल आहे असे सहसा धरतात. ती तशी नाही. विषुववृत्ताशी तिची त्रिज्या ६,३७८ आणि ध्रुवांशी ६,३५७ किलोमीटर आहे. या चपटेपणामुळे गोलाच्या सूत्राने आलेल्या उत्तरात जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची चूक राहते. मुंबई-न्यूयॉर्क एवढ्या अंतरात ती फार तर साठेक किलोमीटरची, म्हणजे चार मिनिटांची. विमान कंपन्यांचे संगणक चपट्या पृथ्वीचेच सूत्र वापरतात. वाचकाने वापरण्याची गरज नाही.

पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर असल्याने कोणतीही दोन ठिकाणे एकमेकांपासून वीस हजार किलोमीटरपेक्षा दूर असूच शकत नाहीत. पेठच्या बरोबर उलट बाजूचा बिंदू दक्षिण प्रशांत महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला आठशेएक किलोमीटरवर, निव्वळ पाण्यात आहे. आज नियमित चालणाऱ्या विनाथांबा विमानसेवांत सर्वांत लांब पल्ल्याची गणली जाणारी सिंगापूर-न्यूयॉर्क सेवा १५,३०० किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापते आणि तिला अठरा-एकोणीस तास लागतात. वीस हजारांचा पल्ला अजून प्रवासी वेळापत्रकात आलेला नाही.

आता दोऱ्याच्या वाटेवरून खऱ्या वाटेवर यायचे. आकाश मोकळे दिसले तरी त्यात ठरलेले मार्ग असतात. हे मार्ग बिंदूंनी बनलेले असतात आणि प्रत्येक बिंदूला पाच रोमन अक्षरांचे, उच्चारता येईल असे पण बहुधा निरर्थक नाव असते. विमान एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जाते. लष्करी क्षेत्रे, वादळे, दुसरी विमाने टाळत जाते. त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर दोऱ्यापेक्षा काही टक्क्यांनी जास्तच भरते. पण या किरकोळ वळणांपेक्षा कितीतरी मोठी वळणे राजकारण घ्यायला लावते, आणि मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा नेमका जगातल्या सर्वांत तापलेल्या देशांवरून जातो.

बालाकोटच्या कारवाईनंतर फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले आणि ते जुलैच्या मध्यावर पुन्हा उघडले. मधले साडेचार महिने उत्तर भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेला उतरून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. इंडिगोच्या दिल्ली-इस्तंबूल विमानाला तर इंधनासाठी दोहाला उतरावे लागत होते. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये हे आकाश भारतीय विमानांना पुन्हा बंद झाले आणि दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही उड्डाणांना वाटेत युरोपात थांबे घ्यावे लागले. मुंबईला याची झळ कमी बसते, कारण मुंबईहून निघालेले विमान तसेही लगेच समुद्रावर असते. युक्रेनच्या युद्धामुळे २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियाचे आकाश बंद आहे. भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. म्हणून एकाच दोन शहरांमध्ये, एकाच बनावटीच्या विमानाने, दोन देशांच्या कंपन्यांना वेगवेगळा वेळ लागू शकतो. युनायटेड एअरलाइन्सने तर २०२२ च्या मार्चमध्ये आपली नेवार्क-मुंबई सेवाच थांबवली. अंतर दोघांनाही तेवढेच होते.

मार्ग ठरला की प्रश्न वेगाचा. जेट विमानांचा वेग आवाजाच्या वेगाच्या प्रमाणात ठरवलेला असतो. ओझर-दिल्लीसारख्या मार्गावरची एअरबस ए-३२० आवाजाच्या सुमारे ७८ टक्के वेगाने, तर लांब पल्ल्याचे बोइंग ७७७ सुमारे ८४ टक्के वेगाने उडते. दहा-अकरा किलोमीटर उंचीवरच्या थंड हवेत हे वेग अनुक्रमे ताशी ८३० आणि ९०० किलोमीटरच्या आसपास पडतात. पंख्यांची एटीआर विमाने ताशी पाचशेच्या घरात. पण हे सगळे वेग हवेच्या संदर्भातले आहेत, आणि हवा स्वतःच वाहत असते.

दोन्ही गोलार्धांत नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद, अतिवेगवान वारे आहेत. त्यांना जेट प्रवाह किंवा झोतवारे म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून त्यांची नोंद केली होती. त्यांनी आपला अहवाल जगाला कळावा म्हणून एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेत छापला आणि त्यामुळेच तो फारसा कोणी वाचला नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानवर चालून गेलेल्या अमेरिकी बॉम्बर विमानांना समोरून येणाऱ्या या वाऱ्याने जागच्या जागी थोपवल्यासारखे केले, तेव्हा कुठे त्यांची जाणीव सर्वदूर झाली. हिवाळ्यात हे वारे जोर धरतात. त्यांचा एक पट्टा त्या काळात उत्तर भारतावर उतरतो. मुंबईहून कोलकात्याला जाताना आणि परत येताना लागणाऱ्या वेळात पंधरा-वीस मिनिटांचा फरक पडतो तो त्यामुळे.

वाऱ्याची करामत किती असू शकते, याचे जगातले ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० चे. सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७ ने न्यूयॉर्क-लंडन हे अंतर ४ तास ५६ मिनिटांत कापले. एरवी त्याला साडेसहा तास लागतात. जमिनीच्या संदर्भात त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने आवाजाचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याच्यासोबत धावत होती.

भारतीय उदाहरण त्याहून बोलके आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने ते पूर्वेकडून, प्रशांत महासागरावरून नेले. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे चौदाशे किलोमीटरने लांब. तरीही साडेचौदा तासांत विमान पोहोचले. जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास लवकर. वारा समोरून येण्याऐवजी पाठीमागून मिळाला एवढाच फरक. जवळची वाट कोणती, या प्रश्नाला किलोमीटरमध्ये एक आणि तासांमध्ये दुसरे उत्तर असू शकते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याचे कारण नाही.

जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघतो, असे मात्र नसते. समजा १२,५०० किलोमीटरचे अंतर आहे आणि विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. वारा नसेल तर जाऊन-येऊन २७ तास ४७ मिनिटे लागतील. आता ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला, तर जाताना ताशी ८०० च्या वेगाने १५ तास ३८ मिनिटे आणि येताना ताशी १,००० च्या वेगाने साडेबारा तास, एकूण २८ तास ८ मिनिटे. वीस मिनिटे अंगावर आलीच. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते, म्हणून हिशेब नेहमी थोडा तोट्यातच सुटतो.

याच संदर्भात एक जुना गैरसमज दूर करायला हवा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, मग विमान नुसते वर जाऊन थांबले तर न्यूयॉर्क आपोआप खाली येणार नाही का? नाही येणार. धावपट्टीवर उभे असलेले विमान, तिच्यावरची हवा आणि खालची जमीन हे सगळे पृथ्वीबरोबर त्याच वेगाने फिरतच असतात. पेठच्या अक्षांशावर हा वेग ताशी सुमारे १,५७० किलोमीटर आहे. विमान वर गेल्याने तो वेग पुसला जात नाही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम प्रवासावर होतो तो आडवळणाने, झोतवाऱ्यांना पूर्वेकडे वळवून.

मुंबई-दिल्लीच्या हिशेबातला सुरुवातीचा पाऊण तास मात्र वाऱ्याने खाल्लेला नसतो. तो जमिनीच्या जवळ खर्च होतो. वेळापत्रकातला वेळ चाके धावपट्टीवरून सुटल्यापासून मोजत नाहीत. विमान निघण्याच्या जागेवरून हलले की मोजणी सुरू होते आणि पोहोचण्याच्या जागी थांबले की संपते. त्यात धावपट्टीपर्यंत चालत जाणे, रांगेत उभे राहणे, उंची गाठेपर्यंतचा कमी वेग, उतरण्याआधीचे वळसे हे सगळे येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. जगातल्या अति गजबजलेल्या विमानतळांपैकी एक जवळजवळ एका धावपट्टीवर चालतो. उतरायला आलेली विमाने आकाशात घिरट्या घालताना दिसतात, त्यामागचे कारण हेच. कंपन्या हा विलंब आधीच धरून वेळापत्रकात उदार हाताने मिनिटे टाकतात आणि मग विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याचे श्रेयही घेतात.

हा जमिनीजवळचा खर्च अंतरानुसार वाढत नाही. पल्ला दीडशे किलोमीटरचा असो की बारा हजारांचा, तो जवळपास तेवढाच. म्हणून छोट्या पल्ल्यावर विमान हरते. ओझर ते मुंबई हे सरळ रेषेतले अंतर १६० किलोमीटरही नाही. ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनने छोट्या विमानाने नाशिक-मुंबई सेवा सुरू केली होती. ती टिकली नाही. आधी ओझर गाठायचे, मग थांबायचे, मग मुंबईच्या आकाशात रांग लावायची, यापेक्षा मोटारीने कसारा घाट उतरणे सोपे होते. आता तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने त्या हिशेबात विमानाला जागाच उरलेली नाही.

लांब पल्ल्यावर गेल्या दीडेकशे वर्षांत वेळ कसा घटला, तेही पाहण्यासारखे आहे. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावरही मुंबईहून लंडनला बोटीने तीनेक आठवडे लागत. जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर टपाल आणले ते एका इंजिनाच्या पुस मॉथ विमानातून. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा असे थांबे घेत लंडनला गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ जेट विमाने आली आणि लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. त्यानंतरची गंमत अशी की, विमानाचा वेग वाढलाच नाही. १९६० चे ७०७ आणि आजचे ७७७ जवळपास सारख्याच वेगाने उडतात. स्वनातीत काँकॉर्ड १९७६ मध्ये प्रवासी सेवेत आले आणि २००३ मध्ये निवृत्त झाले. इंधनाचा खर्च पाहता वेग वाढवण्यापेक्षा थांबे कमी करणे सगळ्यांना परवडले. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा वाचलेले तास वेगाचे नव्हते, मधल्या विमानतळांवर घालवलेले होते. त्यासाठी विमानाने अफाट इंधन बरोबर नेणे भाग होते. बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या प्रकारांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते, आणि त्यातले बरेचसे इंधन उरलेले इंधन वाहून नेण्यातच जळते.

तिकिटावरचे आकडे प्रवाशाला आणखी एका कारणाने चकवतात. त्यावरच्या वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. पेठ त्याच्या नऊ अंश पश्चिमेला, म्हणून पेठमध्ये सूर्य सरासरीने बारा वाजून छत्तीस मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. मुंबईने स्वतःचे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागचे घड्याळ १९५५ पर्यंत जपले होते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात भारताच्या साडेदहा आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे असते, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे तासभर पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. समजा जानेवारीत विमान मुंबईहून रात्री दीडला निघाले आणि सोळा तास उडाले. मुंबईत तेव्हा संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील, पण न्यूयॉर्कच्या घड्याळात त्याच दिवशीची सकाळ, सात. तिकीट पाहणाऱ्याला प्रवास साडेपाच तासांचा वाटेल. परतीला तिथून दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांनी मुंबईत उतरले, तर इथे दुसऱ्या दिवशी दुपारचा एक वाजलेला असेल. तिकिटावर पंचवीस तास. खरा वेळ काढायचा तर दोन्ही वेळा एकाच घड्याळावर आणाव्यात. वैमानिक आणि नियंत्रक त्याच कारणाने जगभर एकच जागतिक प्रमाणवेळ वापरतात.

एवढे पाहिल्यावर पेठहून न्यूयॉर्कला निघालेल्या माणसाचा हिशेब मांडता येतो. पेठपासून मुंबई विमानतळ सरळ रेषेत १४६ किलोमीटरवर आहे, पण रस्त्याने नाशिकमार्गे सव्वादोनशेच्या आसपास. कोटंबी आणि सावळ घाट, नाशिक शहर, मग कसारा, भिवंडी-ठाण्याची गर्दी: सहा तास धरावे लागतात. विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, सोळा तासांचे उड्डाण, उतरल्यावर पासपोर्ट आणि सामानाचे दोन तास. एकूण २७ तास आणि पावणेतेरा हजार किलोमीटर. सरासरी वेग ताशी ४७० किलोमीटर, म्हणजे विमानाच्या वेगाच्या निम्मा.

दुसरी वाट ओझरची. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने १९६४ मध्ये मिग विमानांच्या बांधणीसाठी इथे कारखाना सुरू केला आणि त्याच्या तीन किलोमीटर लांब धावपट्टीलगत २०१४ मध्ये प्रवासी टर्मिनल उभे राहिले. पेठहून ते पाऊणशे किलोमीटरवर, दोन तासांच्या अंतरावर आहे. ओझर ते दिल्ली ९९० किलोमीटर, दिल्ली ते न्यूयॉर्क ११,७५०, मिळून १२,७४०. मुंबईच्या थेट वाटेपेक्षा फक्त दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरने जास्त, पाव तासाचे उड्डाण. लंडनमार्गे किंवा दुबईमार्गे गेले तरी अंतरात तीन-चार टक्क्यांहून अधिक भर पडत नाही. वेळेत भर पडते ती मधल्या विमानतळावरच्या थांब्याने. दिल्लीत चार तासांचा थांबा धरला तर ओझरमार्गे प्रवास २८ तासांच्या आसपास जातो, म्हणजे मुंबईच्या जवळपास बरोबरीत. दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर असावीत, नाहीतर पहिले विमान रखडले की दुसरे हुकते आणि त्याची भरपाई कोणी देत नाही.

निवड त्यामुळे किलोमीटरवर करू नये, ऋतूवर करावी. जून ते सप्टेंबर घाटात दरड कोसळण्याची आणि मुंबईत पाणी साचण्याची भीती असते. त्या दिवसांत पेठकराने ओझर-दिल्लीची वाट धरावी. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारी संपेपर्यंत दिल्लीचे धुके सकाळची विमाने तासन्‌तास अडकवते. तेव्हा मुंबई बरी.